वेगानं जिंकावं की सावकाश वाढावं? ‘रोम: टोटल वॉर’मधला गॉलचा पेच

तुमची अडचण मी समजलो ती अशी. ‘रोम: टोटल वॉर’ या कॉम्प्युटर गेममध्ये ज्युलिआय हे रोमन घराणं घेऊन मोठी कॅम्पेन, म्हणजे मोहीम, सुरू केली, इ.स.पू. २३० च्या आत जवळजवळ सगळा गॉल (साधारण आजचा फ्रान्स आणि उत्तर इटली) जिंकला, आणि आता तिजोरी उण्यात आहे. दोन शहरं बंड करून हातची गेली. सैन्य पुढे सरकायच्या ऐवजी शहराशहरांत बसून दंगे शमवतंय. मित्र सांगतोय की आधी इटली नीट बांध, मग बाहेर पड. पण इतकं सावकाश गेलं तर जिंकण्यासाठी लागणारे ५० प्रांत होणार कधी, अशी तुमची शंका आहे.

शंकेचं आधी बघू, कारण ती हिशेबानं सुटते. गेम इ.स.पू. २७० ला सुरू होतो, इ.स. १४ ला संपतो, आणि वर्षाला दोन टर्न, म्हणजे खेळी, असतात, उन्हाळा आणि हिवाळा. म्हणजे साडेपाचशेहून जास्त टर्न. ५० प्रांत आणि रोम एवढंच हवं असेल तर सरासरी अकराएक टर्नला एक प्रांत घेतला तरी वेळेत पोचता. एवढं सावकाश कुणी खेळत नाही. तेव्हा घड्याळाची भीती सोडून द्या. १५ प्रांतांच्या छोट्या कॅम्पेनमध्ये तर तो प्रश्नच येत नाही. ‘अलेक्झांडर’ हे एक्सपान्शन, म्हणजे गेमला जोडलेला वेगळा भाग, मात्र वेगळं आहे. तिथे टर्नची मर्यादा मुद्दाम कमी ठेवलेली आहे, थांबलात तर हरलात. तिथली सवय घेऊन मूळ गेममध्ये आलेले खेळाडू हमखास गॉलमध्ये अडकतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही आणि तुमचा मित्र दोघंही वेगावर भांडताय. मी वेग बघतच नाही. मी एवढंच बघतो की शहर घेतल्यावर ते घेणारं सैन्य किती टर्नमध्ये तिथून मोकळं होतं. दोन-तीन टर्नमध्ये मोकळं होत असेल तर खुशाल धावा, मित्राचं ऐकू नका. दहा-पंधरा टर्न तिथेच बसावं लागत असेल तर तुम्ही नकाशावर कितीही रंग भरला तरी प्रत्यक्षात सावकाशच चालला आहात, आणि वर त्या बसलेल्या सैन्याचा खर्च दर टर्नला भरताय. तुमच्या कॅम्पेनमध्ये नेमकं हेच झालंय. प्रत्येक विजयानं तुमचं एक सैन्य कमी केलं.

हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो हे मान्य. लढाया स्वतः लढता की ऑटो-रिझॉल्व्ह करता, म्हणजे निकाल गेमवर सोडता, यानं खूप फरक पडतो. हातानं लढणारा खेळाडू तीन तुकड्या गमावून जे शहर घेतो त्यासाठी ऑटोवाला अर्धं सैन्य घालवतो, आणि मग रिट्रेनिंगसाठी, म्हणजे गमावलेली माणसं भरून घ्यायला, मागे फिरतो. युनिटचं माप हाही मोठा मुद्दा आहे. इथे भरती लोकसंख्येतून होते. सगळ्यात मोठ्या मापावर हस्ताटी या रोमन पायदळाच्या एका तुकडीत दीडशेहून जास्त माणसं असतात, आणि तेवढी माणसं त्या गावातून वजा होतात. दोन हजार वस्तीच्या आरिमिनमसारख्या तुमच्या गावातून चार तुकड्या उठवल्या की गाव पुढच्या पायरीवर जायचं कितीतरी टर्न लांबतं. मोठ्या मापावर खेळत असाल तर वेगानं जिंकणं म्हणजे स्वतःचीच गावं रिकामी करत जाणं, हे पक्कं ध्यानात ठेवा.

सैन्याला शहरात अडकवून कोण ठेवतं? पब्लिक ऑर्डर, म्हणजे शहरातल्या शांततेचा आकडा. ती ७० टक्क्यांच्या खाली घसरली की दंग्यांची टांगती तलवार आली. पण तो एकच आकडा बघून काही कळत नाही. शहराच्या तपशिलात जा आणि उणे बाजूला काय-काय आहे ते वाचा. गॉलच्या शहरात तीन गोष्टी ठळक दिसतील: राजधानीपासूनचं अंतर, परक्या संस्कृतीचा दंड, आणि अस्वच्छता. तिघांचा उपाय वेगवेगळा आहे. सगळ्यांवर ‘आणखी शिपाई ठेवा’ हा एकच उपाय लावला की तुमच्यासारखी गत होते.

अंतराचा उपाय फुकट आहे, आणि तरी लोक तो वापरत नाहीत. राजधानी हलवता येते. आरेटियम या सुरुवातीच्या राजधानीवरून ती तुमच्या प्रदेशाच्या मध्यावर आणा. लांबच्या शहरांची नाराजी कमी होते आणि भ्रष्टाचारात गळणारं उत्पन्नही वाचतं, कारण तीही गळती राजधानीपासूनच्या अंतरावरच ठरते. उत्तर इटली आणि गॉल हाताशी असेल तर मेडिओलानम (आजचं मिलान) चांगलं. राजधानी ही भावनेची जागा नाही, नकाशाचा मधला बिंदू आहे.

संस्कृतीचा दंड इमारतींतून येतो. गॉल लोकांचं देऊळ तसंच ठेवलंत तर ते थोडंफार सुख देतं खरं, पण तुम्हाला ते वाढवता येत नाही. पहिल्याच टर्नला पाडा आणि आपलं बांधायला घ्या. काही टर्न अवघड जातात, त्यानंतर फरक दिसतो. त्याहून महत्त्वाची शासकाची इमारत. गावाची वस्ती पुढच्या टप्प्याला पोचली, म्हणजे २,०००, मग ६,००० झाली, की लगेच ती रोमन पद्धतीची वाढवून घ्या. दंडाचा मोठा वाटा तिथेच असतो. म्हणून जिंकलेल्या गावाची लोकसंख्या हा तुमचा खजिना आहे.

इथेच बरेच जण मार खातात. शहर घेतल्यावर तीन पर्याय येतात: नुसतं ताब्यात घेणं, लोकांना गुलाम करणं, किंवा कत्तल. कत्तलीनं लूट मिळते, वस्ती घटते, दंगे थांबतात, आणि उरलेल्या माणसांच्या मानानं तुमची शिबंदी मोठी दिसायला लागते. कार्थेज, कॉरिंथ किंवा अलेक्झांड्रियासारख्या फुगलेल्या शहरात थंड डोक्यानं विचार केला तर हा पर्याय बसतो. गॉलच्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावात मात्र तो आत्मघात आहे. गाव चार-पाचशेवर येतं आणि पुढे कितीतरी वर्षं शासकाची इमारत वाढवता येत नाही. म्हणजे परक्या संस्कृतीचा दंड तसाच राहतो आणि करही नाही. छोटं गाव मी तसंच ताब्यात घेतो. मधल्या आकाराच्या शहरातले लोक गुलाम करतो, पण तेही घरची तयारी करून. गुलाम तुमच्या ज्या शहरांत गव्हर्नर बसलेला आहे त्यांच्यातच वाटले जातात. त्या टर्नपुरते गव्हर्नर नको त्या शहरांतून बाहेर काढून ठेवा आणि जी गावं वाढवायची आहेत तिथेच बसवा. आरिमिनम आणि आरेटियम अशानं झपाट्यानं मोठी होतात.

राहिली शिबंदी. शिबंदीचा फायदा माणसांच्या संख्येवर मोजला जातो, त्यांच्या दर्जावर नाही. हस्ताटी आणि प्रिन्सिपेससारखं लढाऊ पायदळ शहरात बसवून ठेवणं म्हणजे पैसे जाळणं. मुख्य सैन्याच्या मागून दोन-तीन टर्नच्या अंतरानं शेतकऱ्यांच्या, ज्यांना गेम ‘पेझंट्स’ म्हणतो, तुकड्यांचा एक तांडा चालत ठेवा. लढाईत त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण तुकडीत माणसं जास्त आणि खर्च कमी. शहर पडलं की हे आत, खरं सैन्य बाहेर. परिस्थिती शांत झाली की त्यातली एखादी तुकडी तिथेच विसर्जित करा. ती माणसं त्या गावच्या लोकसंख्येत मिळतात. गर्दीच्या इटालियन शहरातून माणसं उचलून गॉलच्या ओसाड गावात वसवायचा याहून सोपा मार्ग गेममध्ये नाही.

गंमत म्हणजे खऱ्या रोमनांनी साधारण हेच केलं होतं, आणि फार विचारपूर्वक केलं होतं. इ.स.पू. ३३८ मध्ये लॅटिन संघ, म्हणजे शेजारच्या लॅटिन गावांची युती, मोडल्यावर त्यांनी जिंकलेल्या गावांना एकाच मापानं मोजलं नाही. कुणाला पूर्ण नागरिकत्व, कुणाला मताविना नागरिकत्व, कुणाशी नुसता तह. आणि मोक्याच्या जागी वसाहती. तुमचं आरिमिनम हे स्वतःच इ.स.पू. २६८ मध्ये वसवलेली लॅटिन वसाहत आहे. गेम दोन वर्षं आधी सुरू होऊनही ते तुमच्या हातात देतो, तेवढी सूट त्यांना देऊ. वसाहतीचा अर्थ काय? आपलीच माणसं जमीन कसत तिथे राहतात, तटबंदी सांभाळतात, आणि लीजन, म्हणजे रोमन फौज, मोकळं होतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं इ.स.पू. २१६ ला कॅनीमध्ये रोमचं सैन्य कापून काढलं, कापुआसारखं मोठं शहर फोडलं, पण लॅटिन वसाहतींपैकी एकही आपणहून त्याच्याकडे गेली नाही. पुढे २०९ मध्ये तीसपैकी बारा वसाहतींनी ‘आता माणसं आणि पैसे देणं जमत नाही’ असं सांगितलं, तरी उरलेल्या अठरा देतच राहिल्या. हे बळ शंभरेक वर्षं सावकाश वाढण्यातून आलेलं होतं.

मग अलेक्झांडरचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. इ.स.पू. ३३४ ला आशियात उतरला, ३३१ मध्ये गॉगामेलाची लढाई मारली, ३२६ ला पंजाबात. एवढा वेग रोमनांनी कधी दाखवला नाही. पण त्यानं जिंकलं काय ते बघा. इराणच्या सम्राटाचं राज्य आधीपासून प्रांतांत विभागलेलं होतं, करवसुली बसलेली होती, रस्ते होते, सुसा आणि पर्सेपोलिसला भरलेले खजिने होते. बॅबिलॉन घेतल्यावर त्यानं तिथे मझायसला, म्हणजे गॉगामेलाला समोरून लढलेल्या इराणी सरदारालाच, क्षत्रप नेमलं आणि शेजारी मॅसेडोनियन शिबंदी ठेवली. राज्ययंत्रणा चालू होती, फक्त मालक बदलला. म्हणून सैन्य काही आठवड्यांत मोकळं. तोच अलेक्झांडर बॅक्ट्रिया-सॉग्डियाना भागात (आजचा अफगाणिस्तान-उझबेकिस्तान) गेला, जिथे अशी एका मुठीतली यंत्रणा नव्हती, तेव्हा त्याला ३२९ ते ३२७ पर्यंत तिथेच झगडावं लागलं.

गेममध्येही अगदी असंच आहे. ब्रुटिआय हे दुसरं रोमन घराणं घेऊन ग्रीसमध्ये धावणं फायद्याचं ठरतं, कारण तिथली शहरं आधीच मोठी आहेत, बंदरं आहेत, समुद्री व्यापार पहिल्या टर्नपासून पैसा देतो. कॉरिंथ घेतलं की ते आपला खर्च आपण भागवतं आणि वर पुढच्या मोहिमेला पैसा पुरवतं. गॉलमध्ये तुम्हाला मिळतात लहान गावं, लांब रस्ते आणि जमिनीवरचा तुटपुंजा व्यापार. एकाच वेगानं दोन्हीकडे गेलात तर ब्रुटिआय श्रीमंत होतो आणि ज्युलिआय भिकेला लागतो. खेळाडू तोच, कौशल्य तेच.

सीझरनं गॉल आठ-नऊ वर्षांत घेतला ना, असंही म्हणाल. इ.स.पू. ५८ ला सुरुवात, ५० पर्यंत सगळं आवरलं. पण त्याच्या पाठीशी दक्षिण गॉलचा रोमन प्रांत होता, नार्बोची वसाहत ११८ ची, म्हणजे साठ वर्षं जुनी. पो नदीचं खोरं त्याच्याच कारभारात होतं आणि नवी लीजन त्यानं तिथूनच उभारली. तरीही ५७ मध्ये ‘गॉल शांत झाला’ असं जाहीर झाल्यावर ५४ च्या हिवाळ्यात अँबिओरिक्स या टोळीप्रमुखानं त्याच्या पंधरा कोहॉर्ट (पलटणी) कापल्या, आणि ५२ मध्ये जवळजवळ सगळा गॉल व्हर्सिंजेटोरिक्स या गॉल सरदाराच्या मागे उठला. तुमच्या पाठीशी तर तो प्रांतही नव्हता.

म्हणून ज्युलिआय घेतलं की मी स्वतः काय करतो ते सांगतो. सेगेस्टा हे शेजारचं गाव घ्यायचं काम सिनेट सुरुवातीलाच देतं, ते घेतो. मग लगेच मेडिओलानम आणि पटावियम. हे तिन्ही मी घाईनं घेतो, एकही टर्न वाया घालवत नाही, कारण अंतर कमी आहे, गॉलचं सैन्य अजून विखुरलेलं आहे, आणि आल्प्स ही फुकटची भिंत आहे. मग थांबतो. रस्ते, शेतीच्या सुधारणा, सेगेस्टाचं बंदर, देवळं. या काळात सैन्यही छाटतो. नुसतं उभं असलेलं सैन्य हा सगळ्यात महाग खर्च आहे. मुत्सद्दी पाठवून मिळेल त्याच्याशी व्यापाराचे करार करतो. आल्प्सपलीकडे जातो ते नवी तीन शहरं मोठ्या शिबंदीशिवायही शांत राहतात असं दिसल्यावरच, आणि तेव्हा पुन्हा धावत जातो. एका दमात तीन-चार शहरं, मग पुन्हा थांबा. भाडोत्री सैनिक अशा दमासाठीच ठेवलेले आहेत. महाग पडतात, पण तुमच्या गावची माणसं खर्ची पडत नाहीत, आणि काम झालं की सोडून देता येतात.

आता मित्रालाही थोडं सुनवायला हवं. सावकाश खेळण्याचाही खर्च आहे. इटलीतली शहरं वाढवत बसलात की अस्वच्छता वाढत जाते, आणि २४,००० च्या पुढे गेलेली शहरं घरच्या घरी दंगे करायला लागतात. तुम्ही थांबलात म्हणून बाकीचे थांबत नाहीत. ब्रुटिआय ग्रीस गिळतं, सिपिआय हे तिसरं घराणं आफ्रिकेचा किनारा, आणि पूर्वेला इजिप्त बहुतेक कॅम्पेनमध्ये राक्षस होऊन बसतं. शिवाय इटलीतल्या एखाद्या शहरात सम्राटाचा महाल उभा राहिला की मारियसच्या सुधारणा होतात, म्हणजे रोमन सैन्याची रचनाच बदलते. नवे लीजनरी जबरदस्त आहेत, पण तुमची जुनी हस्ताटी-प्रिन्सिपेसची फौज त्यानंतर रिट्रेन होत नाही. मोठी जुनी फौज सांभाळत वाट बघणाऱ्याला हा दणका बसतो.

आणि टोळ्यांच्या बाजूनं खेळत असाल, गॉल किंवा जर्मनी घेऊन, तर मित्राचा सल्ला पूर्ण उलटा लागू पडतो. त्यांची शहरं रोमनांएवढ्या पायऱ्या चढूच शकत नाहीत. दर दहा वर्षांनी रोम बलवान होतो आणि तुम्ही तिथेच राहता. त्यांनी सुरुवातीलाच उत्तर इटलीवर तुटून पडावं, सैन्य अडकलं तरी चालेल, कारण थांबण्यातून त्यांना काहीच मिळत नाही.

आता तुमचा सध्याचा सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ. तो टाकून देऊ नका, वाचवण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट, राजधानी आजच हलवा. मग कर सगळीकडे खाली आणा. उत्पन्न अजून घटेल, पण ऑर्डर सावरेल आणि वस्ती वाढायला लागेल. त्याच टर्नला सैन्य मोजा: जी चांगली तुकडी केवळ शिबंदी म्हणून बसलीय तिच्या जागी पेझंट्स घाला. तिजोरी उण्यात असताना भरती होत नाही, म्हणून आधी नको ती गलबतं आणि दमलेले भाडोत्री सोडून द्या. बहुतेकांचा तोटा तिथेच लपलेला असतो, नौदलाचा खर्च कुणी बघतच नाही.

दुसरं, सगळी शहरं वाचवायचा हट्ट सोडा. सगळ्यात लांबची, व्यापार नसलेली दोन-तीन गावं निवडा आणि तिथली चांगली फौज बाहेर काढून जवळच उभी करा. गाव बंड करील. करू द्या. बंडखोरांच्या हातात गेलेलं गाव परत घेता येतं, आणि दरम्यान तुमची फौज दंग्यात मरत नाही. काही खेळाडू हे मुद्दाम करतात, कारण परत घेताना लुटीचा पर्याय पुन्हा मिळतो. मला ती युक्ती थोडी लबाडीची वाटते, पण नियमात बसते. अलेसिया मात्र सोडू नका. तिथून गॉलच्या मधल्या भागावर नजर राहते.

तिसरं, घराण्यातली माणसं. तुमचे सगळे सरदार आघाडीवर असणार असा माझा अंदाज आहे. त्यातले वय झालेले, प्रभाव चांगला असलेले मागे आणून सगळ्यात अशांत शहरांत बसवा. एका चांगल्या गव्हर्नरनं चार तुकड्यांचं काम होतं. माणसं कमी पडत असतील तर दत्तक आणि लग्नाचे प्रस्ताव नाकारू नका, जावई कसाही असला तरी शहर सांभाळतो.

शेवटचं, आणि हे बहुतेक तुमच्या लक्षात आलेलं नाही. इतक्या झपाट्यानं जिंकल्यामुळे लोकांमध्ये तुमची लोकप्रियता चढलेली असणार, आणि सिनेटची मर्जी उतरत चाललेली. या दोन रेषा एका मर्यादेपलीकडे दूर गेल्या की सिनेट तुमच्या प्रमुखाला आत्महत्येचा हुकूम देतं. नाकारलात तर यादवी, आणि ब्रुटिआय-सिपिआय दोघंही एकदम अंगावर. सिनेटचं पान उघडून आज दोन्ही खांब किती उंच आहेत ते बघा. फरक मोठा असेल तर पुढची दहा-वीस टर्न सिनेटची छोटी-मोठी कामं निमूटपणे करा, म्हणजे गॉल सावरायला सवड मिळेल. आणि जी चांगली फौज शहरांतून मोकळी कराल ती पुढच्या गॉलिश गावाकडे पाठवू नका. आरेटियमला आणून ठेवा. तिथून रोम जवळ आहे, आणि हुकूम आलाच तर पहिल्या दोन-तीन टर्नमध्ये रोम हातात असणं यावर तुमची उरलेली सगळी कॅम्पेन अवलंबून राहील.